एक में दो

प्राचार्य आण्णासाहेबांनी प्रोजेक्टर लावला आणि शिवलीलाचा प्रोग्रॅम त्यांच्या नावानं पडद्यावर उजळला. शिवलीला धाराशिवच्या त्यांच्याच फार्मसी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पडद्यावर तिचंही नाव होतं. खाली कोपऱ्यात, 'टायपिंग साहाय्य' म्हणून.

दोन औषधं एकत्र दिली तर एकमेकांचं बळ वाढवतात की पाय ओढतात, हे तो प्रोग्रॅम आकड्यांवरून सांगायचा. ती डबा खायला गेली असताना सरांनी तो तिच्या कॉम्प्युटरवरून उचलला होता. जेवून आल्यावर ती त्यातली एक चूक दुरुस्त करणार होती. तेवढं थांबायला सरांना सवड नव्हती.

पहिल्या रांगेत पुण्याच्या परीक्षक डॉ. महेश्वरी बसल्या होत्या. त्यांनी होकार दिला की प्रोग्रॅम दवाखान्यांत जाणार होता.

"कुणाकडं आकडे आहेत का? लगेच दाखवतो," सर म्हणाले.

शिवलीलानं हात वर केला. "माझ्याकडं आहेत, सर. जंतू मारायची औषधं. अ आणि ब."

"या, या! आमच्या मॅडम लई कष्टाळू."

तिनं आकडे भरले. एकट्या 'अ'चा परिणाम, एकट्या 'ब'चा, मग दोन्हींचा मिळून. पडदा हिरवागार झाला. 'उत्कृष्ट जोडी.'

"बघा!" सरांचा आवाज चढला. "अ एकटं कुचकामी, ब एकटं कुचकामी. पण जोडी जमली की जंतूंची खैर न्हाय! पेशंटला ही जोडी मी डोळे झाकून सुचवीन."

"लिहून घेऊ?" महेश्वरीबाईंनी विचारलं.

"घ्या की. माझ्या नावानं घ्या."

बाईंचं लिहून होईपर्यंत शिवलीला थांबली.

"औषधं कोणती आहेत, मॅडम?" बाईंनी तिला विचारलं.

"एकच आहे. एका गोळीचे दोन तुकडे केले. हा तुकडा अ, तो तुकडा ब. मिळून नुसती एक गोळी."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महेश्वरीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि सरांकडं पाहिलं. सरांनी पडद्याकडं पाहिलं. पडदा हिरवाच होता.

चहाच्या सुट्टीत सरांनी तिला खाजाभाईच्या गाड्यापाशी गाठलं.

"मॅडम, ही चूक तुम्हाला ठाऊक होती?"

"व्हय, सर."

"दुरुस्त केलेला प्रोग्रॅम असंल ना तुमच्याकडं?"

"आहे की. पेनड्राइव्ह पर्समध्येच आहे."

"मग द्या ना. बाई अजून गेल्या न्हाईत." सरांनी हात पुढं केला.

शिवलीलानं पर्स काखेत घट्ट धरली. "खाजाभाई, एक में दो."

खाजाभाईनं सवयीनं एकच चहा दोन कपांत ओतला. त्यातला एक तिनं सरांच्या पुढं आलेल्या हातावर ठेवला.

"घ्या, सर. तुमच्या प्रोग्रॅममध्ये घालून बघा. वाढलेला असंल."