भरवशाचा कन्सोल

"तापतो का हा?" नणंदेने विचारलं.

"सगळेच थोडेफार तापतात," दुकानदार म्हणाला. "पण हा नवा आहे. दोन वर्षांची वॉरंटी."

काउंटरवर तीन गेम कन्सोल मांडले होते. एक कोराकरकरीत, दोन वापरलेले. नणंद एकेक उचलून, उलटा करून बघत होती. गेले कित्येक दिवस तिने फोनवर लोकांची मतं वाचून काढली होती, आणि आता या विषयात तिला दुकानदारापेक्षा जास्त कळत होतं. निदान तिच्या मते. वहिनी बाजूला उभी होती. कन्सोल जायचा होता वहिनीच्या घरी, पैसेही तीच देणार होती, पण बोलण्याचा मक्ता नणंदेकडे होता.

"आम्हाला न बिघडणारा हवा," नणंद म्हणाली. "आधीचाही चांगला म्हणूनच घेतला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

आधीचा कन्सोल तिच्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, लेकीसाठी आणला होता. भाऊ दीड वर्षापूर्वी अचानक गेला. त्यानंतर कन्सोलची दुखणी सुरू झाली. कधी पंखा अडकायचा, कधी बटण रुतायचं. दर वेळी वहिनीचे सासरे तो उघडून दुरुस्त करायचे. सारी नोकरी त्यांनी कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात घालवली होती. पण गेल्या महिन्यात मदरबोर्डच जळाला आणि त्यांनीही हात टेकले.

"मागे मी माहेरी आले तेव्हा काय पाहिलं सांगू?" नणंद दुकानदाराला सांगू लागली. ऐकायचं मात्र वहिनीने होतं. लेकी बोले सुने लागे, त्यातला प्रकार. "टेबलभर सगळे भाग पसरलेले. सकाळपासून बाबा मान खाली घालून बसलेले. जेवायची शुद्ध नाही. आमची ठमी टॉर्च धरून उभी. एक स्क्रू काय पडला, तिच्यावर ओरडले. मी शोधायला वाकले, तर माझ्यावर! म्हणे, सावली पाडू नकोस. सत्तरी उलटलेल्या माणसाने कशाला एवढा डोक्याला ताप करून घ्यायचा?"

"ठमी म्हणजे माझी मुलगी," वहिनीने दुकानदाराला सांगितलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आता महिनाभर घर कसं शांत आहे," नणंद म्हणाली. "बाबा आपले खिडकीशी बसलेले असतात. फोन केला तर हूं नाही की चूं नाही. दमलेत हो ते. दादा गेला, त्याचं दुःख काय कमी आहे?"

हातातला कन्सोल तिने खाली ठेवला.

"पोटचा पोरगा गेला त्यांचा. उरलेले दिवस तरी त्यांना बरे जाऊ देत. मला दुसरं काही नको."

वहिनीचे डोळे भरून आले. तिने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. याबाबत दोघींचं दुमत नव्हतं.

दुकानदाराने नव्या कन्सोलचं खोकं पुढे सरकवलं.

"बिघडला तर घरी उघडता येतो का?" वहिनीने विचारलं.

"छे! सीलबंद असतो. स्क्रूसुद्धा निराळे. घरी उघडला की वॉरंटी गेली. पण उघडायची वेळच येणार नाही, ताई."

"बघ!" नणंद म्हणाली.

"आणि हे दोन?"

"हा मधला वापरलेला आहे, पण गुणी आहे. एकदाही तक्रार नाही. तो शेवटचा मात्र बघू नका. पंखा कुरकुरतो, डिस्क अडकते, कंट्रोलर मधूनच रुसतो. कोण कशाला घेईल?"

नणंदेने तो कोपराने बाजूला सारला. वहिनीने तो उचलून घेतला.

"वहिनी, स्वस्तातला म्हणून नको हं."

"नुसता बघतेय गं." तिने मागचं झाकण न्याहाळलं. "याचा मदरबोर्ड?"

"ठणठणीत. दुखणी सगळी किरकोळ."

"सुटे भाग मिळतात?"

"हवे तेवढे."

"उघडताना शॉक वगैरे?"

"पॉवरचा डबा बाहेर आहे. प्लग काढला की भीती नाही. पण ताई, एवढी चौकशी कशाला? औषधापेक्षा पथ्य बरं."

तेवढ्यात नणंदेचा फोन वाजला. दुकानात रेंज धड नव्हती. "नवाच घे, माझं ऐक," असं बजावून ती बाहेर गेली. काचेच्या दाराबाहेर ती हातवारे करत बोलताना दिसत होती.

दुकानदाराने पिशवी काढली आणि नवं खोकं उचललं.

"ते राहू द्या," वहिनी म्हणाली. "हा द्या."

"तो?" दुकानदाराने हात मागे घेतला. "हे बघा, दुकान माझं आहे, माल खपला तर मला हवाच आहे. पण गिऱ्हाईकाचे शिव्याशाप नकोत. हा महिन्याभरात बिघडणार."

"नक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ."

"आणि दुरुस्त केला तर?"

"पुन्हा काहीतरी निघेल. सोडणार नाही तो तुम्हाला. आणि त्या बाहेरच्या ताई मला फाडून खातील, ते वेगळंच."

"तिची समजूत मी घालीन." वहिनीने कन्सोल त्याच्यापुढे ठेवला. "मुलगा गेल्यापासून माझे सासरे एक शब्द बोलत नाहीत. असं काही उघडून बसले, की तेवढा वेळ बोलतात."