काळी चिठ्ठी

काळी चिठ्ठी गळ्यात घालायला कुणीच तयार होईना.

हिरव्या आणि लाल चिठ्ठ्या हातोहात संपल्या होत्या. हिरवी म्हणजे किरकोळ जखमी, लाल म्हणजे गंभीर. माणशी एक पुरीभाजीचा पुडा मिळणार आणि विमानतळ आतून बघायला मिळणार, म्हणून शेजारच्या गावची माणसं हौसेनं प्रवासी व्हायला आली होती. बघण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं. नाशिकबाहेरची ती धावपट्टी वर्षातले बहुतेक दिवस उन्हात नुसती पडून असायची. आजच्या खोट्या अपघातासाठी विमान म्हणून गंगापूर रोडवरच्या प्रशिक्षण संस्थेची बस उभी केली होती. तरी सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते.

वैष्णवीच्या हातात चार काळ्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. त्या संस्थेत विमानतळ व्यवस्थापन शिकणारी ती सातपूरची मुलगी, वडील कारखान्यात पाळीवर. आजचा सराव नीट पार पडला, तर दिल्लीच्या मोठ्या विमानतळावर वर्षभर शिकायची एकुलती एक शिष्यवृत्ती तिलाच मिळण्यासारखी होती. आणि इथं तिला मरायला चार माणसं मिळत नव्हती.

“आजी, नाटकच तर आहे,” ती पुढ्यातल्या धोंडाबाईला म्हणाली.

“नाटक आसंल. पन जित्त्या मानसानं मढ्याची खूण गळ्यात घालायची?” धोंडाबाईनं आपली हिरवी चिठ्ठी पदराखाली झाकून घेतली.

वैष्णवीला एकदम आई आठवली. आईच्या डोक्याला कावळा शिवला होता, तेव्हा मामाला फोन करून ती गेल्याची खोटी बातमी दिली होती. तिकडे मामा ढसाढसा रडला, आणि इकडे अरिष्ट टळलं म्हणून सगळ्यांनी चहा घेतला.

“मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, म्हणतात ना?” ती बोलून गेली.

गर्दीत कुजबुज झाली. मग दाढीवाल्या गोरक्षनं आपली लाल चिठ्ठी काढून पुढे केली. “ह्ये आधी नाय का सांगायचं, ताई. मला काळी द्या.”

बघता बघता चारही गेल्या. ज्यांना जिवंत राहावं लागलं ते जरा खट्टूच झाले.

वैष्णवी हुश्श करते तोच धोंडाबाईनं तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. “पोरी, एक काळी मला पायजे.”

“संपल्या, आजी. आणि तुम्हीच तर नको म्हणत होता.”

“मला नको. आमच्या मालकांना. दिवाळीपास्नं अंथरुणाला हायेत. डाक्टर म्हनला, आता घरीच ठेवा.” ती जवळ सरकली. “चिठ्ठी नसली तर नसू दे. तू भोंग्यातून मेल्यांची नावं सांगशील, त्यात नुसतं त्यांचं नाव घे. बातमी ऐकून कुनीतरी रडाया पायजे, तवा ती लागू व्हती. मी रडंन.”

वैष्णवीच्या वर्गात मुलांकडून एक गोष्ट घोटून घेतली होती: जिवंत माणसाला मेला म्हणून सांगण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. आणि मुंबईहून आलेल्या परीक्षकांना मृतांचा आकडा आधीच ठाऊक होता.

“नाव काय त्यांचं?” तिनं विचारलं. विचारायला काय जातं, असं तिला वाटलं.

धोंडाबाई पदर तोंडाला लावून लाजली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. शेजारच्या स्ट्रेचरवर मरून पडलेल्या गोरक्षनं एक डोळा उघडला.

“भिकानाना. भिका पुंजा गांगुर्डे,” तो म्हणाला आणि परत मेला.

भोंगा वाजला. टायर जाळून धूर केला, बंब आला, जखमी हसत हसत विव्हळले. सगळं वेळेत झालं. शेवटी नातेवाईक म्हणून बसवलेल्या बायकांसमोर वैष्णवी माइक घेऊन उभी राहिली. तिनं चार नावं सांगितली. बायका खुसखुसत होत्या. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

वैष्णवीनं माइक खाली ठेवला नाही. जखमींतून उठून बायकांत आलेली धोंडाबाई समोर श्वास रोखून बसली होती.

“भिका पुंजा गांगुर्डे.”

धोंडाबाईनं असा हंबरडा फोडला की खुसखुस जागच्या जागी थांबली. ती ऊर बडवून रडली, दिवाळीपासूनचं सगळं रडली. आजूबाजूच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले, आणि ते काही नाटक नव्हतं.

“चारच होते ना?” परीक्षकांनी विचारलं. “हा पाचवा कोण?”

“ते घरी आहेत, सर. जिवंत आहेत.”

“मग नाव का घेतलं?”

वैष्णवीकडे उत्तर होतं, पण परीक्षकांच्या कागदावर ते मावलं नसतं. “चुकलं, सर,” ती म्हणाली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या नावावर एक सरळ रेघ ओढली. दिल्ली गेली. तिला रडू फुटेल असं वाटलं, आणि आपल्याला पस्तावा का होत नाही याचं नवलही वाटलं.

बाहेर पुडे वाटून संपले होते. धोंडाबाई डोळे पुसून, स्वतःचा पुडा काखेत मारून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मानशी एक म्हनले व्हते. त्यांचा बी दे.”

वैष्णवीनं आपला पुडा तिच्या हातावर ठेवला. धोंडाबाईनं तो नाकाशी नेला.

“यात मिरची लय नाय ना? त्यांना ठसका लागतो.”