दुसऱ्यांचा ग्रह

शाळेच्या पटांगणात सत्काराचा मांडव गच्च भरला होता, पण मयूरीला खुर्चीत बसवेना. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा, गुरूपेक्षाही मोठा वायूचा ग्रह तिने शोधला म्हणून सारं ब्राह्मणपुरी गाव जमलं होतं. सकाळीच पुण्याहून तिच्या सरांचा फोन आला होता: तोच ग्रह परदेशातल्या संशोधकांनी आधीच जाहीर केलाय. तिने मांडवात हे सांगताच वडील छगनभाऊ गोळा झालेल्या गावाकडे पाहत पुटपुटले, “आते काही बोलजो नको, बेटा. गाव गोया व्हयेल शे.” नाव पुकारलं गेलं. माईक हातात येताच ती एका दमात बोलून गेली, “ग्रह खरा आहे, पण पहिला शोध माझा नाही.” छगनभाऊंनी मानाचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग विचारलं, “पन तो ग्रह शे कसा?” “तठे पाय ठेवाले जमीनच नही, आबा. नुसता वारा, वावधन.” मयूरीने हात गरागरा फिरवून वादळ दाखवलं. छगनभाऊंनी खुर्ची पुढे ओढली.