खोडरबर

"अजून एक दे गं, पण मोठ्या शहरातलीच," म्हणत इंदूअक्कांनी कादंबरी परत केली. नोकरीसाठी शहरात गेलेल्या त्यांच्या मुलाचा, श्रीरंगचा, चार वर्षं ठावठिकाणा नव्हता.

अक्का गेल्या की ग्रंथपाल सुलभा खोडरबर काढायची. लिफ्टमध्ये भेटलेला मुलगा, खोली शोधणारा मुलगा, गोष्टीत ज्याला नाव नाही अशा प्रत्येकाशेजारी अक्का पेन्सिलीनं लिहीत, 'श्रीरंग'. सुलभा ते खोडायची आणि पुढची कादंबरी गोड शेवटाचीच सुचवायची.

या खेपेला घाईत शेवट न वाचताच तिनं नवीकोरी कादंबरी दिली. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी ती परत आणली. "आता नको गं दुसरी," म्हणत वाचनालयाचं कार्डही ठेवून गेल्या.

सुलभानं शेवटचं पान उघडलं. शवागारातल्या बेवारस तरुणाशेजारी 'श्रीरंग' लिहिलं होतं. पेनानं.