पहिले दोन फोटो

"अगं, हसू नकोस. कॅमेऱ्याकडे बघू नकोस. मी इथे नाहीच असं समज," छायाचित्रकार खुर्चीवर चढून म्हणाला.

"ते समजायला मला काही कष्ट नाहीत," बायको म्हणाली आणि तिने तीच चादर आठव्यांदा घडी करायला घेतली.

उद्या सकाळी त्याचं प्रदर्शन उघडणार होतं. नाव होतं 'रोजचं जगणं'. चाळीस वर्षं त्याने लोकांचं साधंसुधं जगणं टिपलं होतं. न्हाव्याच्या दुकानातला तडकलेला आरसा, जिन्यात वेणी घालत बसलेल्या मायलेकी, कुणाच्या तरी खिडकीत वाळणारे मोजे. याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणत. हळूहळू त्यालाही ते पटलं होतं. पहिल्या भिंतीसाठी त्याने स्वतःच एक वाक्य लिहून दिलं होतं, तेही हातभर अक्षरांत: 'एकही क्षण मी वाया जाऊ दिला नाही.'

घोडं अडलं होतं शेवटच्या भिंतीपाशी. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "तिथे तुमचं स्वतःचं घर लावू या." त्यानेही ऐटीत मान डोलावली होती. मग चार दिवस तो घरातले खोके उपसत होता. परक्या घरांच्या फोटोंनी अकरा खोके भरले होते. स्वतःच्या घराचा म्हणावा असा एकच अल्बम सापडला, मुलीच्या लग्नाचा, आणि तो दुसऱ्याच फोटोग्राफरने काढलेला. त्या दिवशी हा मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या बाईचे हात टिपत होता. त्या फोटोला पुढे बक्षीसही मिळालं.

म्हणून आज घरात रोजचं जगणं तयार करायचं काम चाललं होतं. मदतीला मुलगी आली होती. तिने खिडकीकडे पाहिलं.

"बाबा, आपल्याकडे ही कुंडी कधी होती?"

"शेजारून आणलीये. घरात माणसं राहतात असं वाटायला पाहिजे."

"राहतोच की आम्ही," बायको म्हणाली.

"राहता, पण सहज राहता येत नाही तुम्हाला!" तो वैतागला. "परकी माणसं बघ, किती सहज असतात. तू घडी घाल गं. आणि या वेळी जरा विचारात हरवल्यासारखी."

बायकोने चादर पलंगावर टाकली आणि आत गेली. बाहेर आली ती बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन. झाकण निघायला थोडा वेळ लागला. आत बोटभर लांबीचे फिल्मचे काळे तुकडे होते. एकेका वर्षाची एकेक जुडी, शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली.

त्याने ते लगेच ओळखले. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म चढवताना तिच्या सुरुवातीला उजेड लागतो. तेवढा तुकडा खराब होतो. म्हणून झाकण लावलं की दोन फोटो नुसतेच काढून टाकायचे आणि तिसऱ्यापासून खरं काम सुरू करायचं. तो रोज सकाळी निघताना, पायात चपला सरकवता सरकवता फिल्म चढवायचा. उंबऱ्यातच वळायचा, कॅमेरा डोळ्याला लावायचा, समोर जे असेल त्यावर दोनदा खटका दाबायचा. मन तोवर रस्त्यावर पोचलेलं असायचं. फिल्म धुतली की ते टोक कात्रीने कापून कचऱ्यात.

"हे मी टाकून दिलं होतं," तो म्हणाला.

"आणि या घरात कचरा कोण काढतं?"

मुलीने एक तुकडा खिडकीच्या काचेवर धरला आणि मोबाईलवर काळ्याचं पांढरं करून पाहिलं. अर्धा भाग उजेडाने जळून गेला होता. उरलेल्या अर्ध्यात दार होतं आणि दारातून पुढे आलेला एक हात, जेवणाचा डबा धरलेला. दुसऱ्या तुकड्यात बायको दातांत कंगवा धरून काहीतरी बजावत होती. पुढच्यात एक चिमुरडी, एकाच पायात बूट. मग तीच मुलगी दाराच्या कडीएवढी. मग कडीच्याही वर, खांद्याला कॉलेजची पिशवी. फोटो तिरपे होते, हललेले होते. पण कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. सगळी त्याच्याकडे पाहत होती.

छायाचित्रकार खुर्चीवरून उतरला.

"अगं, हे सोनं आहे सोनं! शेवटची अख्खी भिंत होईल. इतकी वर्षं दाखवलं का नाहीस?"

"तुम्ही बाहेर असायचात," ती म्हणाली. तिने एक तुकडा उजेडात धरला. निगेटिव्हच ती, त्यात काळे केस पांढरेच दिसत होते. "तिशीतच म्हातारी करून ठेवलंत मला. आता कुठे हुबेहूब जमलंय."

मुलगी खळखळून हसली. तो हसला नाही. त्याने हातातली जुडी पुन्हा पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी त्याने प्रदर्शनवाल्या बाईंना फोन लावला.

"शेवटची भिंत मिळाली," तो म्हणाला. "पण पहिल्या भिंतीवरचं ते वाक्य उतरवा. खोटं आहे ते."

"राहू द्या की," बायको पलंगावरची चादर उचलत म्हणाली. "रोज निघताना तुम्ही घराकडे दोनदाच बघायचात, तेही फेकून द्यायला. ते मी वेचून ठेवलं. मग वाया कुठे गेलं काही?"