पदराची गाठ

खाटेवरच्या बाईचे डोळे उघडे होते, छाती वरखाली होत होती, आणि खाटेखाली पाण्याचं कॅन नव्हतं. भामाबाईला तिथंच शंका आली.

दुष्काळाचं साल. दवाखान्याच्या नळाला थेंब नाही, टँकर येतो तो ऑपरेशनच्या खोलीपुरता. पेशंट म्हटला की खाटेखाली कॅन आणि कॅनजवळ घरचं एक माणूस, अशी इथली रीतच पडली होती. भामाबाईनंही घाटनांदूरहून एसटीत मांडीवर धरून कॅन आणलं होतं. आणि ही समोरच्या खोलीतली बाई बघा. ना कॅन, ना माणूस.

"शीले, हिचं कुनीच न्हाई गं," ती लेकीच्या कानाशी लागली. "हिची पिशवी काढली आसंल आन् नवऱ्यानं दिली आसंल टाकून."

"आई, गप बस ना."

सत्यशीला पोट दाबून बाकावर बसली होती. वय बावीस, पदरी एक पोरगी. पोट दुखायचं, अंगावरून जायचं. आधीच्या डॉक्टरानं हातसुद्धा न लावता सांगून टाकलं, पिशवी काढा, कटकट मिटेल. नवऱ्याला ते पटलं, मुकादमाला तर त्याहून पटलं. दसरा झाला की टोळी लांबच्या मुलखात ऊसतोडीला निघणार, आणि कोयत्यावरच्या बाईला दर महिन्याला सुट्टी देतो कोण? आडवी आली ती एकटी भामाबाई. तिची स्वतःची पिशवी ऐन पंचविशीत असल्याच सल्ल्यानं गेली होती, आणि तेव्हापासून कंबर जी धरली ती धरलीच. लेकीची ती जाऊ देणार नव्हती. म्हणून दुसरीकडं दाखवायला ती इथं आली होती.

आली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दवाखाना साखर कारखान्याचा. इकडं ऊसच नाही म्हणून कारखान्याची चिमणी गार पडलेली, दवाखाना आणि त्याचं नर्सिंग कॉलेज मात्र जोरात.

"कारखान्याला ऊस तोडाया बाया लागत्यात," ती पुटपुटली. "पिशवी ठिवून ह्यांचा काय फायदा?"

समोरच्या बाईनं पापणी हलवली. ओठ अर्धवट उघडे, कोरडे ठणठणीत. भामाबाईला राहवेना. संशय संशयाच्या जागी, पण तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं पाप कोण घेईल, तेही असल्या सालात! ती आत गेली, कॅनचं टोपण भरलं आणि "घे गं माय" म्हणत बाईच्या तोंडात ओतलं. मग आणखी एक. बाई गिळेचना. एकाएकी तिच्या छातीतून टीं टीं सुरू झालं आणि श्वास थांबला.

"मेली! आगं बया, माझ्या हातानं मेली!"

धावत आले ते खाडे सर, नर्सिंगच्या पोरींना शिकवणारे. त्यांच्या मागं दैवशाला, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

"अहो मावशी, काय केलंत हे! बाई नाही ती, डमी आहे! पोरींना शिकायला आणलेलं मशीन आहे. मशीनला कुणी पाणी पाजतं का?"

"मंग डोळे कावून मिचकावती?" भामाबाई उलट त्यांच्यावरच उखडली.

दैवशालानं बटण बंद केलं. पोटावरचं झाकण काढून ती आतला एकेक भाग टॉवेलवर पुसून ठेवू लागली. पेरूएवढा एक गुलाबी भाग बाहेर आला, तशी भामाबाई पुढं सरकली.

"ह्ये काय?"

"पिशवी, मावशी. गर्भाची."

भामाबाईनं ती हातात घेतली. तिची स्वतःची तिला कुणी दाखवलीही नव्हती.

"येवढीशी?" तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला राग आला. "ही परत बसती?"

"हो. आम्ही रोज काढतो, रोज बसवतो."

"काढाया शिकता, का ठिवाया?"

दैवशालानं सरांकडं पाहिलं. सर डमी वाळवायला पंखा लावत होते.

तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंनी सत्यशीलाला हाक मारली. लेक उठली, तशी भामाबाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"आत एकट्या पेशंटलाच घेतात, मावशी," दैवशाला हळूच म्हणाली. "आज नुसतं तपासणार आहेत. काही काढत नाहीत."

"मलाबी नुसतं तपासायलाच नेलतं."

क्षणभर ती उंबऱ्यात अडून राहिली. मग हातातली रबरी पिशवी तिनं पदरात घातली आणि गच्च गाठ मारली.

"जा शीले," ती म्हणाली, आणि दैवशालाकडं वळली. "पोर गेली तशी बाहेर आली की तुमची तुमाला देती. तिची गेली, तर हीबी गेली म्हनून समजा."

ती बाकावर जाऊन बसली. कॅन पायाशी, मूठ गाठीवर, नजर बंद दारावर.

पंख्याखाली डमी वाळली. सरांनी भीतभीत बटण दाबलं. छाती पुन्हा वरखाली व्हायला लागली. पोटात तेवढी एक जागा मोकळी होती.

"द्या आता, मावशी," सर बाहेर येऊन म्हणाले. "पोरींचा तास आहे. त्या पिशवीशिवाय डमी अपुरी आहे."

भामाबाईनं दारातून डमीकडं पाहिलं.

"श्वास तर घेती की," ती म्हणाली. "मंग काय बिघडलं? मलाबी डॉक्टरानं ह्येच सांगितलं व्हतं."