नागपुरात टांगलेला देवाजी

नागपूरच्या मोटरीतून आधी रडणं उतरलं, मग माणसं. एकूण नऊ. सगळ्यांत पुढे देवाजी ढिवराची लेक कमळा. तिच्यामागे नवरा, सासू, दोन नणंदा आणि चाळीतले चार शेजारी, जे मयतीला कधीच नाही म्हणत नसत.

"माहा बाबा गेला वं!" असं म्हणून कमळा आरमोरीच्या भर रस्त्यात बसली.

मोटर थांबायची तिथंच मुखरू फोटोवाल्याचं दुकान होतं. त्यानं हातातलं पत्र घाईनं खिशात कोंबलं. देवाजी गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. सकाळीच देवाजीनं त्याला पावशेर झिंगे मोजून दिले होते आणि मेलेला माणूस इतकं कमी मोजत नाही. पण या रडण्यात आपला हात आहे, हे मुखरूला लगेच कळलं.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी नागपूरच्या कुठल्याशा छायाकला प्रसारक मंडळाचं आमंत्रण आलं होतं. 'आपल्या कलेची कीर्ती आमच्या कानी आली आहे. आमच्या वार्षिक स्पर्धेत व प्रदर्शनात भाग घ्यावा.' खाली बारीक अक्षरात साडेअकरा रुपये. त्यात टांगणावळ, हार आणि परीक्षकांचं लेखी मत.

"तुमची कीर्ती अजून तळ्याच्या पाळीवर पोचली नाई," बायको गोकुळा म्हणाली, "अन् नागपूरले कशी गेली? फोटो बी आपला अन् पैसे बी आपले? साडेअकरा रुपयांत दुकानाच्या छपरावरचे कवेलू बदलून होते."

"परीक्षक मत देनार हायेत, गोकुळा. लेखी."

"द्या मंग. पावसात मत डोक्यावर घेऊन बसू."

मुखरूला ते मतच हवं होतं. बारा वर्षं तो कारंजं रंगवलेल्या पडद्यापुढे माणसं बसवत होता. फोटो घेऊन जाताना लोक एवढंच म्हणत, "हो, मीच हावो." चांगला की वाईट, हे कुणी सांगितलं नव्हतं. आपण फोटोवाले आहोत की नुसतेच काळ्या कापडात डोकं घालणारे, हे एकदा जाणत्या माणसाकडून कळावं, एवढीच त्याची इच्छा.

त्यानं देवाजीचा फोटो निवडला. खांद्यावर जाळं घेतलेला. काढताना त्यानं सहा वेळा बजावलं होतं, "देवाजीभाऊ, इकडे पाहा." पण ती नागपूरच्या मोटरीची वेळ होती. देवाजी रस्त्याकडेच पाहत राहिला आणि मुखरूनं कंटाळून बटण दाबलं.

विचारणं मात्र भाग होतं. आरमोरीत माणसाचा फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावर. जिवंत आहे तोवर तो पेटीत, लुगड्याच्या घडीत राहतो.

"कुठी टांगतं?" देवाजीनं विचारलं.

"नागपूरले."

"टांग मंग. तिथी मले वळखनारं एकच मानूस हाये. अन् तिले फुरसत नाई."

उद्घाटनाच्या दिवशी मंडळानं प्रत्येक फोटोला झेंडूचा हार घातला. हाराचे पैसे घेतले होते, इमानदारीचा प्रश्न होता. बाहेर ऊन होतं. कमळा बाजारातून घरी चालली होती. प्रदर्शनाच्या दालनात पंखा दिसला आणि प्रवेश फुकट होता, म्हणून ती जरा टेकायला आत शिरली. समोरच्या भिंतीवर बाप. गळ्यात हार. हारही ताजा. आता यात विचारायचं काय उरलं?

तर रस्त्यात रडणं रंगात आलं होतं. इतक्यात तळ्याकडून ओलं जाळं खांद्यावर घेऊन देवाजी आला. गर्दी पाहून त्यानं जाळं खाली ठेवलं, डोक्यावरचं फडकं काढलं, शेवटच्या शेजाऱ्यापाशी बसला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

"देवाजी ढिवर."

"अरारारा," देवाजी म्हणाला. मग त्यानं फडक्यानं तोंड पुसलं. "कोन्ता?"

कमळानं मान वर केली.

पुढचं सगळं गावानं पाहिलं. सासूबाई तेवढ्या नाराज झाल्या. नागपूरपासून रडत आलेल्या, त्यांना ते एकदम थांबवता येईना. देवाजीनं नऊ जणांना दोन दिवस मासळी खाऊ घातली. सात माणसं परत गेली. कमळाच्या नवऱ्याला गिरणीतून आणखी रजा मिळेना, तोही गेला. कमळा आठ दिवस राहिली.

मुखरूनं खिशातलं परीक्षकांचं पत्र गोकुळाला वाचून दाखवलं. 'वृद्धाची नजर कॅमेऱ्याकडे नसून रस्त्याकडे आहे. त्यामुळे चित्र फसले आहे.'

"येवढंच?" गोकुळा म्हणाली. "हे तर मी फुकटात सांगतलं असतं."

त्या दिवशी मुखरूनं दुकान लवकर बंद केलं.

आठव्या दिवशी कमळा मोटरीत बसली. धूळ खाली बसेपर्यंत देवाजी उभा राहिला. मग दुकानात शिरला, कारंज्याच्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला आणि कनवटीचे साडेअकरा रुपये काढून टेबलावर ठेवले.

"पुढच्या सालचा काढ."

"देवाजीभाऊ, ठग हायेत ते! पैसे घेतेत अन् नावं ठेवतेत. नका भरू."

"सहा वर्सं झाले, पोरीले कारडं टाकून राह्यलो. एकदा नाई आली." देवाजीनं अंगरखा नीट केला आणि या खेपेला सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. "फक्त हार नोको म्हनाव. आता नुसता बिमार दिसू दे. मेलो का पोरगी लय रडते."